परदेशात गेल्यावरच बुटाचा तळ का सुटतो? पादत्राणांच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे इलाज

"बूट नवाच होता हो. तीन वर्षांपूर्वी घेतला, फार तर दहा वेळा घातला असेल, आणि टोरांटोत तिसऱ्या दिवशी तळच गळून पडला."

बडोद्यातल्या मराठी घरांतून ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते, आणि तिचं उत्तर तिच्यातच असतं. मुलं न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला. आईबाबा दोन-तीन वर्षांतून एकदा जाणार. परदेशासाठी म्हणून घेतलेले 'चांगले' बूट मधल्या काळात खोक्यासकट माळ्यावर. बूट बिघडतो तो त्या माळ्यावर. न्यू जर्सीत तो फक्त उघडा पडतो, कारण घरी दिवसाला दोन हजार पावलं चालणारा माणूस तिथे पंधरा हजार चालतो, तीही ओल्या फुटपाथवर. कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, आणि पुढच्या वेळी आणखी महाग बूट घेण्यातही नाही.

तळ सुटला: चिकटवण्याआधी निदान

सुटलेल्या जागी बोट फिरवा. दोनच शक्यता असतात आणि दोन्हींचे इलाज वेगळे.

पहिली: वरचा भाग आणि रबरी तळ यांच्या मधली फोमची गादी, म्हणजे मिडसोल, नखाने दाबल्यावर भुगा होते, चिकट लागते किंवा बारीक भेगा दाखवते. हा फोम पॉलियुरेथेनचा, दुकानदाराच्या भाषेत पीयूचा. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातो आणि उष्णतेने ते काम वेगाने होतं. मे महिन्यात तापलेला माळा आणि त्यामागून बडोद्याचा दमट पावसाळा, असं दोन-तीन वेळा झालं की बाहेरून कोरा दिसणारा बूट आतून संपलेला असतो. मागच्या सहलीतून आल्यावर तो पुरता न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला असेल तर आणखी लवकर. नियमित वापरातला पीयूचा बूट पुष्कळदा यापेक्षा जास्त टिकतो. अशा बुटाला गोंद लावू नका. गोंद भुग्याला चिकटतो आणि भुगा कशालाच चिकटत नाही. टेप गुंडाळून दुकानापर्यंत जा आणि नवा घ्या. दुसरा पायही त्याच वयाचा आहे, त्याची वाट बघू नका.

दुसरी शक्यता: दोन्ही पृष्ठभाग साबूत आणि गुळगुळीत आहेत, मध्ये फक्त जुन्या गोंदाचा पिवळट पापुद्रा दिसतो. इथे फोम शाबूत आहे, बांधणी गेली आहे. बंद गाडीत उन्हात राहिलेल्या धावण्याच्या बुटांचं असं होतं. त्यांचा फोम वेगळ्या जातीचा, ईव्हीए नावाचा. तो उष्णतेने किंचित आकसतो आणि गोंदाला खेचतो. हा बूट वाचतो.

विश्वामित्रीच्या २०२४च्या पुरात भिजलेले आणि नंतर वाळवलेले बूट अजून कपाटात असतील, तर ते दोन्हींपैकी कुठल्या प्रकारात मोडतात याचा विचारही करू नका. परदेशी नेऊ नका.

चिकटवायचं कसं

लागतो तो कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह, म्हणजे आपला मोची डब्यातून बोटाने लावतो त्या जातीचा पिवळा गोंद. तो इथून नेता येत नाही. त्यातलं द्रावक ज्वलनशील असल्यामुळे तो ना केबिनच्या बॅगेत चालतो, ना चेक-इनच्या. तिथे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जर्मनीत पाटेक्स, इंग्लंडमध्ये इव्हो-स्टिक, अमेरिकेत बार्ज किंवा शू गू. मुलाच्या घरी गॅरेज असेल तर आधी तिथे बघा, बहुधा असतो. उरलेली ट्यूब येताना तिथेच ठेवा.

फेव्हिक्विक नको. तो सुकला की काचेसारखा कडक होतो आणि तळ तर दर पावलाला वाकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथेच तडकतो. सुती मोज्यावर किंवा कापडी बुटावर सांडला तर चांगलाच तापतो, चटकाही बसतो. एम-सीलचीही तीच गत: ताकद आहे, लवचिकपणा नाही.

आधी तळ जेवढा सुटला आहे तेवढा पूर्ण उघडा. अर्धवट धरून असलेला भाग ओढून बघा, सैल असेल तर तोही सोडवा. जुना पापुद्रा सॅंडपेपरने खरवडा. सॅंडपेपर नसेल तर नखं घासायची कानस चालते. स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. ही खरवडण्याची पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं, आणि माणसं नेमकी हीच गाळतात. मग दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर द्या, एका नव्हे, दोन्ही. आता दहा ते पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर गोंद बोटाला येईनासा होईपर्यंत. ओला असतानाच जोडला तर द्रावक आत अडकतं आणि सांधा दिवसभर मऊ राहतो. जोडताना नेम धरून एकदाच टेकवा, कारण टेकला की सरकवता येत नाही. त्यानंतर जोर लावा. या गोंदात किती वेळ दाबलं यापेक्षा पहिल्या क्षणी किती जोरात दाबलं ते महत्त्वाचं. बुटात मोजे ठासून भरा, म्हणजे दाब आतून तळापर्यंत पोचेल. पट्ट्याने नाहीतर बॅगेच्या बेल्टने आवळा आणि रात्रभर भरलेल्या सुटकेसखाली ठेवा. चोवीस तास घालू नका. शू गूची पद्धत वेगळी आहे. तो ओलाच जोडतात, आणि पुरता पक्का व्हायला त्याला तीन दिवसही लागतात. ट्यूबवर लिहिलेलं वाचा.

मोच्याकडे जायचं असेल, तर आपल्यासारखा झाडाखाली पेटी मांडून बसलेला कुणी तिथे सापडणार नाही. इंग्लंडमध्ये टिम्पसनच्या टपऱ्या स्टेशनांजवळ आणि सुपरमार्केटांबाहेर असतात, ऑस्ट्रेलिया-जपानमध्ये मिस्टर मिनिट. किल्ल्या करणं आणि बूट दुरुस्त करणं ही दोन कामं एकाच खिडकीवर चालतात, म्हणून किल्लीचं चित्र दिसलं की विचारा. अमेरिकेत काही ड्रायक्लीनर बूट घेऊन पुढे दुरुस्तीला पाठवतात, पण आठवडा जातो. मजुरी ऐकून हबकायला होतं. साध्या स्पोर्ट्स शूजसाठी ती देण्यात राम नाही, चामड्याच्या चांगल्या बुटासाठी आहे.

निघण्याआधी बडोद्यात

खरं काम इथे आहे, आणि ते तिकीट काढल्याबरोबर सुरू करायचं, आदल्या आठवड्यात नव्हे.

माळ्यावरचा बूट काढा. चवड्याशी पूर्ण वाकवून सोडा, असं वीस-तीस वेळा. मिडसोलमध्ये अंगठ्याचं नख रोवा. भेग, भुगा, चिकटपणा यांपैकी काहीही दिसलं तर तो बूट इथेच संपला. पास झाला तर तीन आठवडे रोज घाला. कमाटीबागेत चाला, आणि एकदा पावागडला जाऊन निदान उतरताना तरी रोपवे सोडून पायऱ्यांनी या. उतारावर अंगठ्याची नखं बुटाच्या टोकाला लागतात की नाही हे सपाट रस्त्यावर कधीच कळत नाही. नवा बूट घेतला असेल तरी हेच. नवा बूट थेट अहमदाबादच्या विमानतळावर पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

मोच्याकडून कडेने शिवून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण सगळ्या बुटांना नाही. रबरी तळाची कड वर येऊन वरच्या भागाला वाटीसारखी धरते, अशा स्नीकरला शिवण छान बसते. जाड फोमच्या धावण्याच्या बुटात दोरा फोम कापत जातो. वॉटरप्रूफ बुटाला तर अजिबात नको, प्रत्येक टाक्यातून पाणी आत येतं.

सामानात एवढंच असू द्या: जाड डक्ट टेप दोन मीटर, एखाद्या पेनाभोवती गुंडाळलेली, चार मोठ्या सेफ्टीपिना, लेसचा एक जादा जोड, मायक्रोपोर (औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी) टेप, जाड सुई आणि नायलॉनचा दोरा. सुई चेक-इनच्या बॅगेत टाका. दोरा संपलाच तर दात साफ करायचा फ्लॉस सॅंडलचा पट्टा शिवायला उत्तम, सहजासहजी तुटत नाही.

बूट चावतो, फोड आला

फोड घर्षणाने येतो आणि ओल्या कातडीवर लवकर येतो. म्हणजे घट्ट बूट, सैल बूट आणि घामट सुती मोजे, तिघेही गुन्हेगार. सुती मोजा घाम धरून ठेवतो. सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा घ्या.

टाचेला किंवा करंगळीला चुरचुरू लागलं की तेव्हाच थांबायचं. 'हॉटेलवर गेल्यावर बघू' म्हटलं की फोड नक्की. पाय पुसून कोरडा करा आणि मायक्रोपोरची पट्टी सुरकुती न पडू देता लावा. टेपचे कोपरे कात्रीने गोल केले तर ती मोज्याला अडकून सुटत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरच्या चाचणीत या साध्या कागदी टेपचा उपयोग दिसला आहे, तेव्हा स्वस्त आहे म्हणून कमी लेखू नका.

फोड आलाच तर फोडू नका. वरची कातडी हेच त्याचं सर्वांत चांगलं ड्रेसिंग. युरोपात कुठल्याही फार्मसीत कॉम्पीड नावाच्या जेलच्या पट्ट्या मिळतात. ती पट्टी लावली की रोज काढून आत काय चाललंय ते बघायचं नाही. ती आपण होऊन सुटेपर्यंत राहू द्यायची, आधी ओढली तर खालची नवी कातडी तिच्याबरोबर येते. मधुमेह असेल तर यातलं काहीही स्वतः करत बसू नका. रोज रात्री दोन्ही तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. फोड दिसला तर डॉक्टरला दाखवा. प्रवासाचा विमा त्यासाठीच काढलेला असतो.

उतारावर नखं दुखत असतील तर बूट मोठा घेण्याआधी लेस बदलून बांधा. सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि ते कुणी वापरत नाही. लेसचं टोक त्या भोकातून बाहेरून आत घाला, म्हणजे शेवटच्या दोन भोकांमध्ये छोटा फासा राहील. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता प्रत्येक टोक समोरच्या फाशातून काढा, खाली-मागे ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि पाय पुढे घसरत नाही.

विमानात बूट काढून ठेवले आणि उतरताना पाय आत जाईना, हे लांबच्या प्रवासात ठरलेलं आहे. तासन्‌तास बसल्याने पायात पाणी उतरतं. लेस सैल करा, दर दोन तासांनी उठून चाला, आणि प्रवासात घट्ट बूट घालूच नका. एकच पाय सुजला आणि पोटरी दुखते आहे, तर मात्र तो बुटाचा प्रश्न नाही. लगेच डॉक्टर गाठा.

बूट भिजले

सकाळपर्यंत वाळवायचे आहेत आणि खोलीत हीटर आहे, म्हणून ते हीटरवर ठेवले जातात. गोंद मऊ होतो, चामडं कडक होऊन तडकतं, आणि वर दिलेल्या तळाच्या तक्रारीत एकाची भर पडते. हेअर ड्रायरचंही तेच, निदान गरम हवेवर तरी. लेस सैल करून जीभ बाहेर ओढा, आतली गादी काढून वेगळी उभी करा आणि कागद चुरगाळून टोकापर्यंत भरा. पहिला कागद तासाभरात बदला, मग दोन तासांनी, मग झोपताना. इथेच सगळं पाणी निघतं. वर्तमानपत्र आता हॉटेलात मिळेलच असं नाही, टॉयलेट पेपरचा रोल किंवा कोरडा टॉवेल चालेल. पंखा असेल तर बूट त्याच्यासमोर आडवा ठेवा.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या थंड उत्तर भागात हिवाळ्यात बुटावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा येतात. ती बुरशी नव्हे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने. राहू दिलं तर चामडं खातं.

घसरणं

कडक, चकचकीत प्लॅस्टिकसारखा तळ बर्फावर धरत नाही, नक्षी कितीही खोल असो. मऊ रबर धरतं. युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर बर्फाच्या गुहेत चालताना टूरमधली मंडळी कठडा धरून चालतात ती याच कारणाने. तेवढ्यापुरतं बुटावर चढवायचं, खिळ्यांचं रबरी जाळं मिळतं. आत लाद्यांवर येताना मात्र ते काढा, तिथे ते उलट घसरतं. लिस्बनचे चुनखडीचे फुटपाथ पावसात साबणासारखे होतात. रोमच्या काळ्या चौकोनी दगडांच्या फटीत बारीक टाच अडकते आणि तिची टोपी निघून येते. लग्नाला नेलेले उंच टाचांचे सॅंडल हॉलमध्ये जाऊन बदला.

कोल्हापुरी आणि मोजडीही हॉलपुरतीच. चामड्याचा तळ पाणी पितो, थर सुटतात, रंग मोज्यावर उतरतो. कोल्हापुरीचा अंगठा सुटला तर नायलॉनच्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून टाके घाला. नवी भोकं पाडली की चामडं तिथून फाटतं.

पट्टा, वेल्क्रो, लेस

हवाई चपलेचा पट्टा बटणापाशी निसटला: परत आत ओढा आणि तळाच्या खालून, बटणाच्या वरच्या देठातून सेफ्टीपिन आडवी घाला. पीन टोचण्याची भीती वाटत असेल तर ब्रेडच्या पाकिटाची प्लॅस्टिकची चापी त्याच जागी अडकवा. भोकच मोठं झालं असेल तर हा दोन दिवसांचा इलाज आहे, चप्पल बदला.

आजोबांच्या सॅंडलचं वेल्क्रो धरेना: बहुतेक वेळा ते झिजलेलं नसतं, आकड्यांमध्ये केस आणि मोज्यांची लव भरलेली असते. सुईने किंवा जुन्या टूथब्रशने आडवं खरवडा.

लेस तुटली: गाठ दोन भोकांच्या मध्ये येईल अशी सरकवा, भोकात ती अडकते. नवी घेताना भोकांच्या जोड्या मोजा. पाच जोड्यांना साधारण ९० सेंटीमीटर, सहाला १२०. लेस सारखी सुटत असेल आणि फुलाच्या पाकळ्या बुटाला आडव्या न राहता उभ्या वळत असतील, तर गाठ चुकीची पडते आहे. पहिला वेढा उलट बाजूने घ्या, फूल नेहमीसारखंच. आपोआप सुटणं थांबतं.

नवा घ्यावा लागला तर माप

आपल्याकडचा ८ नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा असतो. अमेरिकेत पुरुषांसाठी तो ९च्या आसपास, युरोपात ४२. बायकांच्या अमेरिकी मापात साधारण दोन मिळवा. ब्रिटिश नंबर साडेआठ मिलिमीटरने वाढतो आणि युरोपी सुमारे पावणेसातने, म्हणून तक्ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जपानमध्ये पायाची लांबीच सेंटीमीटरमध्ये विचारतात आणि हे सगळ्यांत सोपं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटाशी खूण करा, संध्याकाळी मोजा, आणि मोठ्या पायाचा आकडा धरा. ज्यांचा चवडा रुंद आहे ते लांबी वाढवून वेळ मारून नेतात आणि मग टाच सुटते. अमेरिकेत रुंदी वेगळी मिळते. पुरुषांत डी नेहमीची, २ई रुंद, ४ई त्याहून रुंद. विचारा, दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड

इथे तक्रार बुटाची नसते, तळाच्या मातीची असते. पावागडला घालून सराव केलेला बूट तसाच भरला तर तळाच्या खाचांत माती आणि बिया जातात, आणि या दोन्ही देशांत त्यावर कडक नजर आहे. निघण्याआधी आतली गादी काढून बूट झटका, खाचा टूथब्रश आणि साबणाने घासा, टोकदार काडीने कोपरे काढा, पूर्ण वाळवा आणि सामानात अगदी वर ठेवा. विमानात मिळणाऱ्या किंवा आधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मवर बाहेर चालायच्या बुटांचा प्रश्न असतो, तिथे 'हो' लिहा. जाहीर केलेला बूट अधिकारी बघतात, मळका असेल तर साफ करायला घेतात आणि परत देतात. 'नाही' लिहिलं आणि माती निघाली, तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर भरावे लागतात.